अन्नपूर्णेहून उदयनगर

परदेश म्हटला की सातासमुद्रापलीकडचा मुलूखच डोळ्यांपुढे यावा, असा आपल्या बोलण्याचा प्रघात पडून गेला आहे. परंतु पोटासाठी ज्याने गाव सोडले, त्याला वसईची खाडी ओलांडली की पुढे सारा परमुलूखच. तेथे भाषा निराळी, पाणी निराळे, आणि रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायरीवर थांबवून 'आई कशी आहे?' असे विचारणारे कोणी नाही. इंदूर शहरात अन्नपूर्णा भागात आम्ही चौघे मित्र नोकरीच्या निमित्ताने जवळजवळ राहत होतो, आणि दोन वर्षांत त्या शहराबाहेर पाऊल म्हणून टाकलेले नव्हते. रजा मिळाली की आगगाडी पकडून घराकडे धाव घ्यावयाची, हाच आमचा प्रवास.

अशात २०२४ च्या आरंभी डब्लिनला नोकरीस असलेल्या आमच्या एका गाववाल्याचे सविस्तर पत्र आले. त्याने तिघा सोबत्यांसह अत्यल्प खर्चात आयर्लंडची फेरी केली होती. भाड्याची एकच मोटार, मुक्काम स्वस्त वसतिगृहांत, जेवणास पाव आणि उकडलेली अंडी. संत केविनच्या मठाचे ग्लेन्डलॉक, शॅनन नदीकाठी संत कियारानने सहाव्या शतकात स्थापिलेले क्लॉनमॅकनॉइस, आणि जेथे संत पॅट्रिकने चाळीस दिवस उपवास केला असे मानतात तो क्रो पॅट्रिकचा डोंगर, एवढे सारे त्यांनी पाहिले. पत्र वाचून आमच्यातील एकाने विचारले, 'तो परक्या देशात राहून त्यांचे संत शोधीत हिंडतो. आपण माळव्यात राहून काय पाहिले?' या प्रश्नास उत्तर नव्हते. म्हणून फेब्रुवारीत, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही सहा दिवसांचा बेत आखला. माणशी तीन हजार रुपये, त्याहून एक पैसा अधिक नाही. स्वतंत्र मोटार करावयाची नाही. ज्या बसने या मुलुखातील लोक जातात, तिनेच जावयाचे. प्रायश्चित्तकाळ असल्यामुळे जेवणाचा खर्च आपोआपच आटोक्यात राहील, हाही एक व्यवहारी विचार त्यात होता!

आमच्या टोळीची ओळख थोडक्यात करून देतो. मी वसईचा. दुसरा नगर जिल्ह्यातील, शेतकरी कुटुंबातला ख्रिस्ती तरुण. तिसरा मिरजेचा. चौथा मात्र इंदुरातच जन्मलेला, देशस्थ ब्राह्मण घरातला. त्याचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत माळव्यात आले आणि येथलेच झाले. त्याचे मराठी हिंदीच्या वळणावर गेलेले, तर आमच्या हिंदीला मराठीचे कंगोरे; त्यामुळे वादविवादात तो कोणत्या भाषेत हरला हे आम्हांस पुष्कळदा कळतच नसे. जमाखर्चाची वही त्याच्याकडे सोपविली होती, आणि तो हिशेबाला फार कडक निघाला.

ज्या भागात राहतो तो आधी पाहावा, म्हणून पहिला दिवस इंदुरासाठीच ठेवला होता. अन्नपूर्णेचे मंदिर १९५९ साली स्वामी प्रभानंदगिरी यांनी उभारले. चार भव्य हत्तींच्या पाठीवर तोललेले त्याचे महाद्वार मदुरेच्या मीनाक्षी मंदिराची आठवण करून देते. रोज कामावर जाताना त्या हत्तींकडे आमचे लक्षही जात नसे. अन्न देणारी ती अन्नपूर्णा. रोजच्या भाकरीसाठी स्वर्गीय पित्याची प्रार्थना करणाऱ्या आम्हा तिघांना त्या नावाचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको होता. भाकरीनेच तर आम्हांस येथवर आणले! तेथून पायीच लालबाग राजवाड्याकडे गेलो. १८८६ साली दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात या वाड्याचे काम सुरू झाले आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, १९२१ मध्ये, ते पुरे झाले. त्याचे लोखंडी दरवाजे लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या दरवाजांबरहुकूम घडविलेले आहेत. वाडा सुंदर आहे, पण त्यातील थाट युरोपातून उसना आणलेला वाटतो, हे माझे मत. मिरजकरास ते मान्य नव्हते.

संध्याकाळी लाल चर्च या नावाने सारे शहर ज्यास ओळखते, त्या असिसीकर संत फ्रान्सिसच्या महामंदिरात मिस्सा ऐकली. या प्रदेशात १९३२ साली दैवी शब्द संघाचे मिशनरी आले. त्या संघाचे भारतातील कार्य इंदुरापासूनच सुरू झाले. आजही येथील ख्रिस्ती समाज लहानसाच आहे. आमच्या वसईत ज्या श्रद्धेला चारशे-साडेचारशे वर्षांची सावली आहे, तिला येथे अजून ऊन लागते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मांडवकडे निघालो. धारला गाडी बदलावी लागली. धार हे पवारांचे संस्थान. दुसरा बाजीराव पेशवा १७७५ साली तेथल्याच किल्ल्यात जन्मला. त्या काळी मध्य प्रदेशात सरकारी एस.टी. राहिली नव्हती, सर्व गाड्या खासगी होत्या, आणि शेवटचा उतारू चढेपर्यंत चालकाला निघण्याची घाई नसे. शेजारी लसणाची पोती, पुढे शाळेची मुले, टपावर एक सायकल. बसमध्ये बसण्यास जागा मिळणे हे दैवाचे काम, पण उभ्याने जाणाऱ्यास कोणीतरी आपले मूल मांडीवर घेऊन जागा करून देई, हे आम्ही सहा दिवस पाहिले.

मांडवचे वर्णन पुष्कळांनी केले आहे; मी ते लांबवीत नाही. मुंज आणि कापूर या दोन तलावांच्या मधोमध उभा असलेला जहाजमहाल फेब्रुवारीतही पाण्यावर तरंगल्यासारखा दिसला. होशंगशहाची संगमरवरी कबर अधिक आवडली. १६५९ साली शहाजहानच्या दरबारचे चार शिल्पकार ती पाहून आदर व्यक्त करण्यास आले होते, असा लेख तिच्या दारावर आहे. ताजमहाल बांधणाऱ्यांच्या पिढीने जुन्या कारागिरापुढे मान लवविली, ही गोष्ट मला महालांपेक्षा मोठी वाटली. वाटेवर बायका खापराच्या रंगाची, लांबट, कठीण कवचाची फळे विकीत बसल्या होत्या. 'मांडव की इमली' असे तिचे नाव. पाहतो तो आमच्या किनाऱ्यावर आढळणारी गोरखचिंच! आफ्रिकेतून आलेले हे झाड. कोणत्या गलबतातून, कोणाच्या पडशीतून आले असेल कोण जाणे. परक्या मुलखात येऊन खोड असे जाड करून बसले आहे की हलविण्याची कोणाची छाती होऊ नये. दहा रुपयांस दोन फळे घेतली. वहीत ती 'चैन' या सदराखाली लिहिली गेली.

रूपमतीच्या मंडपावरून हवा निवळ असेल तर निमाडच्या सपाटीत नर्मदेची रेघ दिसते. आम्हांस धुके दिसले. ती नदी तिसऱ्या दिवशी महेश्वरला पायांखाली आली.

महेश्वरच्या घाटावर पहिली पायरी उतरताच आमचा नगरकर मित्र गप्प झाला. अहिल्याबाई होळकर त्याच्या जिल्ह्यातील जामखेड तालुक्याच्या चौंडी गावच्या. (त्या जिल्ह्याला त्याच वर्षी अहिल्यानगर हे नाव मिळाले.) १७२५ चा जन्म. कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली पती खंडेराव पडले, तेव्हा सती जाण्यास निघालेल्या सुनेला सासरे मल्हाररावांनी थांबविले. १७६७ साली मुलगा मालेरावही गेला. त्यानंतर १७९५ मध्ये डोळे मिटेपर्यंत या विधवेने महेश्वरात बसून माळव्याचे राज्य चालविले. तिचा वाडा पाहून आम्ही चकित झालो. लालबाग पाहिल्यावर तर अधिकच. लाकडी खांब, अंगण, आणि एक साधी पांढरी गादी. जिने काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले, देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या, तिने स्वतःसाठी एवढेच ठेवले.

मल्हाररावांचे नाव आम्हा वसईकरांस निराळ्या कारणाने ठाऊक आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसईचा कोट घेतला, त्या वेढ्यात होळकरांची फौज होती. त्या युद्धानंतर आमच्या देवळांच्या घंटा दूरदूरच्या मंदिरांत गेल्या, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. घाटावर बसून मी ही कथा इंदूरकर मित्रास सांगितली. तो थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, 'म्हणजे तुझ्या गावाचे कर्ज आमच्या घरावर आहे तर!' त्या दुपारचे जेवण त्याने स्वतःच्या पैशातून घातले आणि ते वहीत लिहू दिले नाही. दोनशे पंच्याऐंशी वर्षांचा हिशेब डाळ-बाफल्यावर मिटला.

महेश्वरला अहिल्याबाईंनी विणकर आणून वसविले. ती कला पुढे क्षीण झाली होती. १९७९ च्या सुमारास होळकर घराण्यातील पतिपत्नींनी रेहवा नावाची संस्था काढून तिला पुन्हा हात दिला. मागांची खटखट गल्लीगल्लीत ऐकू येते. साडीच्या काठावर घाटाच्या दगडी नक्षीतील आकृत्या विणतात, ही गोष्ट एका वृद्ध विणकराने आम्हांस साडी उलगडून दाखविली. आमच्यापैकी कोणीही ती विकत घेणार नाही हे त्याने आमच्या पायांतील वहाणांवरून ओळखले असावे, तरीही पुरती उलगडून दाखविली.

चौथ्या दिवशी बडवाहमार्गे ओंकारेश्वर गाठले. मध्ये नदी, नदीत बेट, बेटावर ओंकार. आणि डोंगरमाथ्यावर २०२३ साली उभा राहिलेला बालरूप शंकराचार्यांचा १०८ फूट उंच पुतळा. राहण्याची सोय शेगावच्या गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात झाली. स्वच्छ खोली, माफक दर, आणि कार्यालयात मराठी बोलणारे सेवेकरी. आम्ही तिघे ख्रिस्ती आहोत हे आमच्या नावांवरून त्यांच्या ध्यानात आलेच होते. 'जेवणाची वेळ चुकवू नका', एवढेच त्यांनी सांगितले.

तेथे नर्मदेचे परिक्रमावासी भेटले. नदी सतत उजव्या हातास ठेवावयाची, ती ओलांडावयाची नाही, आणि मिळेल ते सदावर्त खाऊन चालत राहावयाचे. जुन्या रीतीने ही प्रदक्षिणा तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची. जळगावकडील एक निवृत्त गृहस्थ पायांच्या भेगांना तेल लावीत बसले होते. माणशी तीन हजारांत सहा दिवस हिंडण्याचा आमचा पराक्रम आम्ही त्यांस मोठ्या अभिमानाने सांगितला. त्यांनी कौतुकाने ऐकून घेतले. त्यांच्या झोळीत किती पैसे आहेत हे विचारता ते म्हणाले, 'निघताना होते. आता लागत नाहीत.' आयर्लंडमध्ये लॉख डर्ग नावाच्या सरोवरातील बेटावर आजही कॅथलिक यात्रेकरू तीन दिवस अनवाणी राहतात आणि दिवसातून एकदा कोरडी भाकरी व दुधाविना चहा घेऊन प्रार्थना करतात, हे आमच्या डब्लिनच्या मित्राने लिहिले होते. ते त्या गृहस्थांस सांगितले. 'त्यांच्याकडेही पाणीच आहे ना मधोमध?' असे म्हणून त्यांनी समाधानाने मान डोलावली.

पाचव्या दिवशी इंदुरास परतलो आणि रात्री वाद झाला. उरला होता तो उदयनगरचा दिवस. आम्हा तिघांच्या मनात खरे पाहता प्रथमपासून तेच ठिकाण होते. देवास जिल्ह्यातील या आडगावी धन्यवादित राणी मारिया यांची समाधी आहे. मिरजकर म्हणाला, 'पैसे उरले आहेत, तेथे तरी मोटार करून जाऊ. यात्रेस जावयाचे तर वेळेवर पोहोचावे.' नगरकराने नकार दिला. 'त्या बसने निघाल्या होत्या,' तो म्हणाला. त्यावर कोणी काही बोलले नाही.

वाचकांपैकी पुष्कळांस राणी मारिया यांचे चरित्र ठाऊक असेल. तरी थोडक्यात सांगतो. केरळातील पुल्लुवळी गावी २९ जानेवारी १९५४ रोजी त्यांचा जन्म झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात त्या दाखल झाल्या आणि उत्तरेकडे येऊन १९९२ साली उदयनगरास पोहोचल्या. येथील आदिवासी आणि भूमिहीन लोक सावकाराच्या वहीत जन्मत आणि त्याच वहीत मरत. या धर्मभगिनीने त्यांना बँकेचे कर्ज कसे मिळवावे, सरकारी योजना कोणत्या, हक्क कोणते हे समजावून दिले. त्यांचे बचतगट बांधले. उपदेशाने कोणाचे नुकसान होत नाही, म्हणून उपदेश सारे ऐकून घेतात. पण हिशेब शिकविला की सावकाराचे नुकसान होते. गावातील धनदांडग्यांस हे सोसले नाही.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी सकाळी केरळात घरी जावयास म्हणून त्या उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. चिथावणीस बळी पडलेला समंदरसिंग नावाचा तरुण त्याच बसमध्ये होता. नाचनबोरच्या डोंगरात त्याने सुरा काढला. त्यांच्या अंगावर ५४ जखमा मोजल्या गेल्या. येशूचे नाव शेवटपर्यंत त्यांच्या ओठी होते, असे सांगतात. वय ४१ वर्षे. बस उतारूंनी भरलेली होती. कोणी आडवे आले नाही.

पुढची हकिगत जगाने ऐकली. समंदरसिंगास जन्मठेप झाली. बायको सोडून गेली, ज्यांनी चिथविले त्यांनी ओळख दाखविली नाही. २००२ साली राखीपौर्णिमेच्या सुमारास राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, त्याच संघातील धर्मभगिनी सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. वृद्ध आईने पुढे त्याचे हात हाती घेऊन त्यांचे चुंबन घेतले; या हातांना माझ्या लेकीचे रक्त लागले आहे, असे ती म्हणाली. कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी विनंती केली आणि २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात कार्डिनल आंजेलो आमातो यांनी राणी मारियांना धन्यवादित घोषित केले. हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री रक्तसाक्षी.

उदयनगरची बस मोडकीच होती. शेतांतून गहू पिवळा पडू लागलेला, माळावर पळसाला नुकताच रंग चढलेला. गाव म्हणजे एक बाजारपेठ, चार गल्ल्या आणि पुढे ख्रिस्तमंदिर. २०१६ साली राणी मारियांचे अवशेष अंगणातील कबरीतून काढून मंदिरात आणले गेले. समाधीपाशी आम्ही गुडघे टेकले. आमचा इंदूरकर मित्र मागे उभा होता. काही वेळाने पाहतो तो तोही वहाणा बाहेर काढून आमच्या ओळीत येऊन बसलेला. एका आदिवासी बाईने समाधीवर मूठभर हरभऱ्याचे घाटे ठेवले, डोके टेकले, आणि कोणाकडेही न पाहता ती निघून गेली. तेथील धर्मभगिनींनी चहा दिला. दुपारी मुलांची शाळा सुटते तेव्हा परतीच्या गाडीला गर्दी होते, आधी निघा, असे आपुलकीने सांगितले.

आम्ही आधी निघालो नाही. त्यामुळे गर्दीची गाडी मिळाली, आणि मला वाटते तीच मिळावयास हवी होती. डोंगराची चढण सुरू झाली तसा शेजारच्या शेतकऱ्याने न विचारताच बोटाने एक वळण दाखविले. बसमध्ये साठ-सत्तर माणसे असतील. एक म्हातारा डुलक्या घेत होता, एका मुलीच्या मांडीवर दप्तर, दोघे पुरुष बाजारभावावर भांडत होते. अशीच माणसे त्याही दिवशी असणार. दुष्ट नव्हेत; उभ्याला जागा करून देणारी.

नगरकर हलक्या आवाजात म्हणाला, 'आपण त्या दिवशी येथे बसलेले असतो, तर उठलो असतो का?'

मिरजकराने खिडकीबाहेर पाहिले. इंदूरकर म्हणाला, 'मी नसतो उठलो. आत्ता मी खोटे बोलणार नाही.' मी काय उत्तर दिले असते ते मला ठाऊक नाही, कारण वाहक तिकिटाचे पैसे मागत आमच्यापर्यंत आला आणि सुटे पैसे शोधण्यात वळण मागे पडले. पुढे इंदूरचे दिवे दिसू लागेपर्यंत आमच्यात बोलणे झाले नाही.

रात्री खोलीवर वही उघडली. माणशी २,७४० रुपये खर्च झाला होता. चौघांचे मिळून १,०४० उरले. ते वाटून घ्यावे की पुढच्या सहलीस ठेवावे, यावर मते पडली. अखेर ते उदयनगरच्या नावाने निराळ्या पाकिटात घालून ठेवले. पुढल्या फेब्रुवारीत २५ तारखेस, त्यांच्या सणाच्या दिवशी, सकाळच्या बसने पुन्हा जावयाचे ठरले. पाकिटावर तारीख इंदूरकराने घातली, आणि भाडे वाढेल तर कसे, म्हणून आपल्या खिशातील साठ रुपये त्यात टाकून बेरीज अकराशे करून ठेवली.